वस्तीतील किशोरमन आणि आपल्या समीक्षेचे मौन

दलित साहित्याच्या समीक्षेत वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द आपण गेली पन्नास वर्षे वापरीत आलो. ते शब्द खोटे नव्हते. परंतु वेदना भोगणारे जे मन, ते लक्ष कसे देते, ध्यानात काय ठेवते, त्याची झोप केव्हा हरवते, उद्याचा विचार करण्याची त्याची शक्ती केव्हा खचते, हा विचार आपण क्वचितच केला. ते काम आपण मानसशास्त्रज्ञांवर सोपविले आणि मोकळे झालो. मानसशास्त्रज्ञ जेव्हा आपल्या वस्तीत आला तेव्हा त्याच्या हातात गुणांचा तक्ता होता. आपली आत्मकथने त्याने वाचलेली नव्हती. या दोन्ही पक्षांची तपासणी मला येथे करावयाची आहे, आणि ती एका पोराच्या निमित्ताने करणे मला भाग आहे.

मी उत्तर नागपुरातल्या एका शाळेत वीस-बावीस वर्षे शिकवीत आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसे नववीच्या वर्गासाठी प्रश्नावली घेऊन आली. 'मी कामांचे आधी नियोजन करतो', 'मी विचार न करता बोलून जातो', 'सुरू केलेले काम मी पूर्ण करतो' अशी वाक्ये होती आणि पुढे खुणा करावयाच्या होत्या. नंतर एकेका मुलाला अंक ऐकवून ते उलट्या क्रमाने म्हणावयास सांगितले. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे गुण फार कमी आले. त्याच्या कागदावर शेरा होता : नियोजनक्षमता कमी, आत्मनियंत्रण कमी. मी त्याला विचारले, "नियोजन करत नाही असं काहून लिहिलं?" तो म्हणाला, "सर, उद्याचं उद्याच पाहाव लागते. नळाचा काही भरोसा हाय का?"

हा मुलगा पहाटे चारला उठून पाण्याच्या रांगेत भांडी लावीत असे. आई चार घरची धुणीभांडी करी. संध्याकाळी तो एका पानठेल्यावर खर्रा घोटावयास बसे. मी एकदा त्या ठेल्यावर उभा राहून पाहिले. सतरा-अठरा गिऱ्हाइकांची उधारी त्याच्या डोक्यात होती. कोणी परवा किती दिले, कोणाचे किती राहिले, कोणाला आता उधार द्यावयाचे नाही, हे तो हात न थांबविता सांगत होता. अंक उलटे म्हणता न आलेला मुलगा तो हाच.

ज्या गुणांची ती परीक्षा होती त्यांना मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. त्यांत मुख्यतः तीन गोष्टी येतात. हाती असलेल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवणे व तिच्यावर काम करणे, ही एक. मनात उसळलेली पहिली प्रतिक्रिया आवरणे, ही दुसरी. आणि परिस्थिती बदलली की विचाराची दिशा बदलता येणे, ही तिसरी. नियोजन, धीर, चिकाटी यांची उभारणी या तिहींवर होते. मेंदूचा जो पुढचा भाग या कामात मुख्य असतो तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून किशोरवय हा या क्षमतांच्या घडणीचा काळ ठरतो, आणि याच काळात औदासीन्य, चिंता, आत्मघाताचे विचार प्रथम डोके वर काढतात. हे सर्व मला मान्य आहे. प्रश्न आहे तो मोजणाऱ्याचा आणि मोजमापाचा.

ही मापे घडली कोठे? 2010 साली जोसेफ हेन्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतील अभ्यासांत सहभागी झालेल्या माणसांपैकी 96 टक्के माणसे ज्या देशांची होती, त्या देशांत जगाची केवळ 12 टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे बहुसंख्य जगाला अल्पसंख्य जगाच्या फूटपट्टीने मोजले गेले. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. प्रस्थापितांचे सौंदर्यशास्त्र सार्वत्रिक म्हणून आपल्यावर लादले गेले तेव्हा आपण हाच आक्षेप घेतला होता.

धीराचा एक प्रयोग फार गाजला. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी 1960 नंतरच्या दशकात लहान मुलांपुढे एक गोड वडी ठेवली आणि सांगितले, की आता खाल्लीस तर एकच मिळेल. थांबलास तर दोन. पुढे असे सांगण्यात आले की जी मुले थांबली ती आयुष्यात अधिक यशस्वी झाली. त्यावर पुस्तके निघाली, शाळांतून व्याख्याने झाली. संयम ज्याच्यात असतो तो पुढे जातो, हे जुनेच सुभाषित प्रयोगशाळेतून सिद्ध होऊन आल्यासारखे वाटले. परंतु 2018 साली नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की हा संबंध पूर्वी सांगितला त्याच्या निम्माच आहे, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतली की त्यातलाही मोठा भाग गळून पडतो.

त्याहून बोलका प्रयोग सेलेस्ट किड यांचा आहे. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी 28 मुलांचे दोन गट केले. वडी ठेवण्याच्या आधी दोन्ही गटांना चांगले रंग आणून देण्याचे वचन दिले. एका गटाला ते आणून दिले. दुसऱ्याला येऊन सांगितले, की माफ करा, रंग नाहीत. ज्यांना दिलेले वचन पाळले गेले ती मुले वडीसमोर सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची फसवणूक झाली ती तीन मिनिटे. धीर मुलाच्या रक्तात असतो की सांगणाऱ्याच्या शब्दात, याचा निकाल या तीन आणि बारा मिनिटांत बराचसा लागतो. ज्या समाजाला शतकानुशतके दिलेला शब्द मोडण्यासाठीच दिला गेला, त्याच्या मुलांनी वडी लगेच उचलली तर तो त्यांचा दोष की अनुभवातून आलेला शहाणपणा? माझा विद्यार्थी नळाबद्दल बोलला तेव्हा तो हेच बोलत होता.

आता जातीकडे येतो. कारण परदेशी पुस्तकांत गरिबी हा शब्द असतो, जात नसते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतील 642 मुलांना कागदावरची कोडी, चक्रव्यूहातून वाट काढण्याची, सोडवावयास दिली. जितकी सुटतील तितके पैसे. निम्मी मुले तथाकथित उच्च जातींची, निम्मी खालच्या मानलेल्या जातींची. जात उच्चारली गेली नाही तेव्हा दोन्ही गट बरोबरीने उतरले. नंतर सहा मुलांच्या गटात प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजाचे नाव आणि जात मोठ्याने जाहीर केली. त्यासरशी खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी ढासळली. मुले तीच, मेंदू तोच, कोडी तशीच. फक्त एक शब्द उच्चारला गेला होता.

हा निबंध मी वाचला तेव्हा मला घाम फुटला. कारण हा प्रयोग मी स्वतः दरवर्षी केला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत वर्गात उभे राहून मी यादी वाचीत असे : अमुक, तमुक, उभे राहा, जातीचा दाखला उद्या आणा. त्या वर्षीही वाचली. तो पोरगा उभा राहिला. मागच्या बाकावरून कोणीतरी "सरकारी जावई" म्हणाले. वर्ग हसला. मी दटावले आणि पुढचे नाव घेतले. मी स्वतःला आंबेडकरी कार्यकर्ता म्हणवितो. दीक्षाभूमीवर दर वर्षी पुस्तकांच्या दुकानावर उभा राहतो. आणि तरीही यादी खासगीत देता येते, हे मला वीस वर्षांत सुचले नव्हते. त्या हसण्यानेच पुढचे सारे घडले असे मी म्हणत नाही. परंतु माझ्या तासाला त्याच्याकडून जे हिरावले गेले त्याची नोंद कोणत्याच प्रश्नावलीत झाली नाही, एवढे खरे.

येथपर्यंतचे विवेचन आपल्या वाचकाला रुचेल. पुढचे कदाचित रुचणार नाही.

माप चुकीचे आहे हे सिद्ध झाले म्हणजे पोरगा ठीक आहे असे सिद्ध होत नाही. आपण येथेच चुकतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. बाजारात त्यांची 98 टक्के गणिते बरोबर आली आणि तीच गणिते कागदावर मांडल्यावर 37 टक्के. 2025 साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांबद्दल तसेच दिसून आले. आपण ही उदाहरणे आनंदाने सांगतो. परंतु त्याच 2025 च्या अभ्यासाची दुसरी बाजू अशी, की बाजारातली हुशारी शाळेत आपोआप उतरत नाही. पानठेल्यावरची स्मरणशक्ती दहावी पास करून देत नाही. तिचे कौतुक करून थांबणे म्हणजे दारिद्र्याला दागिना घालणे होय.

दारिद्र्य मनाला खरोखर खाते. तामिळनाडूतील 464 ऊस उत्पादकांची 2013 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की तोडणीपूर्वी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर त्याच शेतकऱ्याच्या बुद्धीच्या व लक्षाच्या चाचण्यांत फरक पडतो. या निष्कर्षावर पुढे मतभेदही झाले. परंतु ज्याने अर्धपोटी अभ्यास केला आहे त्याला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही. माझ्या विद्यार्थ्याने पुढे मला सांगितले, "सर, मंधातच डोकं बंद पडते." मी त्याला आळस म्हटले. दोन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. मी घरी गेलो. आई म्हणाली, "रातभर जागाच राहते सर. जेवत नाही. एकटाच छतावर बसते." मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो.

एका जुन्या सहकाऱ्याला मी हे सांगितले. तो चळवळीत माझ्याहून ज्येष्ठ. तो म्हणाला, "आपली पोरं लढाऊ आहेत. हे श्रीमंतांचे रोग आहेत. त्याला शाखेत आण, मोर्चात आण." माणूस प्रामाणिक होता, म्हणून त्याचे बोलणे अधिक भयंकर वाटले. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांपैकी 7.3 टक्क्यांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या मुलांची गणतीही झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील 10 ते 19 वयाच्या दर सात जणांपैकी एकाला असा विकार असतो. श्रीमंतांचा रोग म्हणून जो आपण दारातून परत पाठवितो तो आपल्याच ओसरीवर बसलेला आहे.

आपली समीक्षा येथे काय करू शकली असती? नागपूरपुरते बोलायचे तर वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन 1995 मध्ये आले. सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यातले बालपण आणि तारुण्य त्यात आहे. गेल ऑम्व्हेट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते 2001 मध्ये परदेशातही पोहोचले. आपण 'वस्ती' कडे आंबेडकरी चळवळीचा नागपुरी इतिहास म्हणून पाहिले आणि तसे पाहणे रास्तच होते. परंतु किशोरमनाचा दस्तऐवज म्हणून तिच्याकडे पाहा. बापाचा आधार नाही, आईच्या कष्टांवर घर, पोटात भूक. आजच्या तक्त्यात बसविले तर या मुलाच्या नावापुढे धोक्याच्या साऱ्या खुणा पडतील. तरीही तो मुलगा शिकला, आणि पुढे बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या संपादनासारखे काम त्याने हाती घेतले. त्याहून अधिक नियोजनाचे आणि चिकाटीचे काम कोणते असेल?

हे कसे घडले? केवळ मुलगा असामान्य होता म्हणून, असे उत्तर 'वस्ती' देत नाही. ती आखाडा दाखविते, उस्ताद दाखविते, समता सैनिक दल दाखविते, एकमेकांच्या पोरांवर डोळा ठेवणारी माणसे दाखविते. आखाड्यात ठरल्या वेळी जावे लागते, राग आवरावा लागतो, डाव फसला तर दुसरा काढावा लागतो. दलाच्या कवायतीत हुकूम ध्यानात ठेवून पाय उचलावा लागतो. मानसशास्त्राची तिन्ही कलमे येथे आहेत. फक्त ती एका मुलाच्या कवटीत बंद नसून साऱ्या वस्तीत पसरलेली आहेत. मुलाचे मन अजून जे पेलू शकत नव्हते ते वस्तीने त्याच्यासाठी पेलले. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच : किशोराचा धीर ही सामुदायिक निर्मिती आहे, आणि ती करणारा समुदाय मोडला की मुलगा एकटा पडतो.

परंतु सामुदायिकतेच्या गौरवात आणखी एक गोष्ट निसटते. सगळीच पोरे तरली नाहीत. दया पवारांनी 'बलुतं' मध्ये (1978) दगडू आणि दया असे दोन केले, एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. आपण त्याला निवेदनतंत्र म्हणून मोकळे झालो. एका माणसाला स्वतःचे पोरपण सांगण्यासाठी स्वतःपासून वेगळे व्हावे लागते, ही मनाची जखम आहे, हे किती समीक्षकांनी लिहिले? प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (1979) मधले पोरके पोर भुकेच्या चिंतेत जगते. आपण भूक पाहिली, चिंता पाहिली नाही. आत्मकथन लिहिणारा हा वाचलेला माणूस असतो. जे वाचले नाहीत त्यांचे आत्मकथन नाही. म्हणून आपल्या साहित्यातून असा समज पसरला की सोसणारा शेवटी उभा राहतोच. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याचे मत याच समजातून आले होते. आपणच त्याला ते शिकविले.

नागपूरच्याच पोरांवरचा नागराज मंजुळे यांचा 'झुंड' 2022 मध्ये आला. विजय बारसे यांच्या फुटबॉलच्या कामावर तो बेतलेला आहे. त्यावर बरेच लिहिले गेले. वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामधली भिंत सर्वांना दिसली. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गुरुजी पोरांना प्रथम उपदेश करीत नाहीत. अर्धा तास खेळा, पैसे देतो, म्हणतात, आणि खरोखर देतात. रोज देतात. पाळलेल्या शब्दावर पोरांची सवय उभी राहते आणि एक दिवस पैसे नसतानाही ती खेळतात. किड यांच्या प्रयोगशाळेतली बारा मिनिटे येथे मैदानावर दिसतात. शिस्त आधी आणि विश्वास नंतर, हा आपल्या शाळांचा क्रम मंजुळे यांनी उलटा केला. आणि चित्रपटातल्या डॉनचे परदेशी जाणे पोलिसांतल्या नोंदीपाशी अडते, हेही विसरू नये. मुलगा बदलला तरी कागद बदलत नाही. एका चांगल्या माणसाच्या पाळलेल्या शब्दाची ताकद किती आणि व्यवस्थेच्या मोडलेल्या शब्दाची किती, हे दोन्ही या चित्रपटात आहे. मात्र येथेही मैदान जिंकणारी पोरे लक्षात राहतात. छतावर एकटे बसलेले पोर अजून आपल्या लेखनात यावयाचे आहे.

मी त्या पोराला छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेले. आईने हात धरला. "पागलखान्यात नेता का सर माह्या पोराले?" 1864 पासून ती इमारत या शहरात आहे, आणि शहराने तिच्यासाठी हाच एक शब्द ठेवला आहे. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर त्याच्याशी बराच वेळ बोलले. त्यांनी त्याला तक्त्यावर मोजले नाही. झोप विचारली, जेवण विचारले, मरावेसे वाटते का हे सरळ विचारले. तो हो म्हणाला. मी त्याचा वर्गशिक्षक होतो आणि हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. औषधे सुरू झाली. पानठेला सुटला, आम्ही चार शिक्षकांनी तेवढ्या पैशाची सोय केली आणि ती महिन्याच्या एक तारखेला चुकू दिली नाही. दोन वर्षांनी तो दहावी झाला. फार चांगले गुण नव्हते. आज तो वाहनदुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि भेटला की बोलतो. याहून मोठा शेवट माझ्याजवळ नाही.

तेव्हा शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे काही सांगणे आहे. जातीची यादी वर्गात वाचू नका. पोराला दिलेला लहानसा शब्द मोडू नका. सरकारने मोडलेले त्याला पुरेसे आहेत. वाचनालय, व्यायामशाळा, अभ्यासिका यांना जयंतीच्या मांडवाइतके महत्त्व द्या, आणि तेथे रोज ठरल्या वेळी दिवा लावणारा एक माणूस नेमा. ज्याची झोप गेली आहे त्याला मोर्चात ओढण्यापूर्वी डॉक्टरकडे न्या. 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चालू आहे. तो शाळेच्या फळ्यावर लिहा. औषध घेणे म्हणजे चळवळीशी द्रोह नव्हे.

आणि समीक्षकांना एक विनंती. पुढचे आत्मकथन हाती येईल तेव्हा त्यातल्या पोराने किती सोसले हे जरूर मोजा. पण ते रात्री झोपले होते का, हेही त्या पानांत शोधा.